१८७१ च्या कायद्याबद्दल आज दाद मागता येईल का? बेड्यावरून आलेल्या एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

अमरावती जिल्ह्यातल्या एका फासेपारधी बेड्यावरून, म्हणजे वस्तीवरून, तुम्ही प्रश्न विचारला आहे. थोडक्यात तो असा: इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा करून तुमच्या समाजाला जन्मतःच गुन्हेगार ठरवले, तुमच्या पणजोबांना पोलीस ठाण्यात हजेरी द्यावी लागत होती असे घरात सांगतात, हा मानवी हक्कांचा भंग होता, तर मानवाधिकार न्यायालयात सरकारवर दावा लावून माफी आणि भरपाई मागता येईल का? त्याला जोडून दुसरा प्रश्न, की शिकार, देवधर्म, बोली आणि जातपंचायत ही आमची संस्कृती आहे, तर तिला कायद्याचे संरक्षण आहे का? शेवटी जाता जाता तुम्ही आणखी एक वाक्य लिहिले आहे, की गावात चोरी झाली की आजही पोलीस आधी बेड्यावर येतात. माझ्या मते तुमचा न्यायालयात टिकणारा दावा त्या शेवटच्या वाक्यात आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यात वकिली करते आणि गरज पडेल तेव्हा नागपूर खंडपीठातही उभी राहते. पारधी, टाकणकार, वडार, कैकाडी अशा समाजांच्या अटकेची, जामिनाची आणि जात वैधतेची प्रकरणे हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. त्यावरून माझे मत असे बनले आहे की जुन्या कायद्याबद्दल थेट दावा लावू नये. त्या कायद्यातले जे आज चालू आहे त्याबद्दल लावावा, आणि इतिहास त्या दाव्याचा पुरावा म्हणून न्यायालयापुढे ठेवावा. तसे का, हे सविस्तर सांगते, कारण नुसते ‘होणार नाही’ एवढे उत्तर तुम्हाला याआधीही कोणीतरी दिले असेलच.

आधी तारखा नीट करून घेऊ, कारण समोरचा वकील पहिला घाव तिथेच घालतो. १८७१ चा कायदा सुरुवातीला उत्तर हिंदुस्थानातल्या प्रांतांपुरता होता. सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी तो १९११ साली विस्तारला गेला आणि १९२४ च्या कायद्याने त्याला शेवटचे रूप आले. वऱ्हाड तर कागदोपत्री निजामाच्या मालकीचे होते, त्यामुळे तिथे इंग्रजांचे कायदे वेगळ्या आदेशाने लागू होत. कोणतीही जमात, टोळी किंवा वर्ग ‘गुन्हेगार’ म्हणून अधिसूचित करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारला होता. म्हणून सगळ्या पारध्यांना सगळीकडे एकाच दिवशी गुन्हेगार ठरवले गेले, असे याचिकेत लिहिले तर ते खोडले जाईल. तुमच्या पणजोबांच्या गावाला आणि गटाला कोणती अधिसूचना लागू होती, हे मध्य प्रांत व वऱ्हाडाच्या राजपत्रात शोधावे लागेल. त्या काळचे प्रांतिक दप्तर नागपूरच्या अभिलेखागारात पाहता येते.

कायद्याने केले काय, हेही नेमके सांगितले पाहिजे. अधिसूचित जमातीच्या माणसाची नोंदवहीत नोंद होई, त्याच्या बोटांचे ठसे घेतले जात, ठरलेल्या वेळी हजेरी लागे, गाव सोडायचे तर कळवावे लागे, वस्तीसाठी कुंपणातली सेटलमेंट नेमून देता येई आणि मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या शाळेत ठेवता येई. अधिसूचनेच्या वैधतेला न्यायालयात आव्हान देण्याची वाटही कायद्यानेच बंद केली होती. हे सारे ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाले.

आता थेट दाव्यातली अडचण. हा कायदा आजच्या राज्यघटनेपुढे क्षणभर टिकला नसता. पण घटनेचे कलम १३ जुन्या कायद्यांना २६ जानेवारी १९५० पासून पुढेच निष्प्रभ करते, मागे जाऊन करत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली केशवन माधव मेनन यांच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. त्यामुळे १९३० साली घेतलेली हजेरी त्या वेळच्या कायद्याप्रमाणे घेतली होती एवढे सरकारने सांगितले की मूलभूत हक्कांचा युक्तिवाद तिथेच अडतो. मुदतीचा कायदा आडवा येतो, ज्यांनी सोसले ते हयात नसतात, आणि पणजोबांच्या हजेरीतून तुमचे स्वतःचे नुकसान किती झाले हे पैशांत मांडता येत नाही. मानवाधिकार न्यायालय या नावानेही अनेकांची फसगत होते. १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण अधिनियमाच्या कलम ३० प्रमाणे ते सत्र न्यायालयच असते, मानवी हक्कभंगातून घडलेल्या गुन्ह्यांचे खटले चालवण्यासाठी नेमलेले. मानवी हक्क आयोगाकडे जावे म्हटले तर त्याच अधिनियमाचे कलम ३६ सांगते की घटनेला एक वर्ष उलटल्यावर आयोगाला चौकशी करता येत नाही.

परदेशातली उदाहरणे दाखवून काही जण आशा लावतात, म्हणून त्यातले एक नीट पाहू. केनियातल्या माऊ माऊ उठावाच्या काळात, १९५० च्या दशकात, ब्रिटिशांच्या छावण्यांत छळ सोसलेल्या वृद्धांनी लंडनच्या उच्च न्यायालयात दावा लावला. मुदत संपल्याचा सरकारचा आक्षेप २०१२ मध्ये फेटाळला गेला आणि जून २०१३ मध्ये ब्रिटिश सरकारने ५,२२८ जणांसाठी १ कोटी ९९ लाख पौंडांची तडजोड करून संसदेत खेद व्यक्त केला. हे होऊ शकले, कारण दावेदार स्वतः हयात होते आणि लपवून ठेवलेली वसाहतकालीन कागदपत्रे उजेडात आली होती. त्यानंतर सुमारे ४०,००० केनियन नागरिकांनी लावलेला पुढचा दावा मात्र २०१८ मध्ये फेटाळला गेला. अन्याय तोच होता. पण मधल्या काळामुळे पुरावा उरला नव्हता. यावरून एक गोष्ट आजच करण्यासारखी आहे. तुमच्या किंवा शेजारच्या बेड्यांवर १९५२ पूर्वी सेटलमेंटमध्ये किंवा हजेरीत दिवस काढलेली एखादी वृद्ध व्यक्ती असेल, तर तिचे म्हणणे तिच्याच बोलीत ध्वनिमुद्रित करा, मराठीत उतरवा आणि प्रतिज्ञापत्र करून घ्या. त्याचा उपयोग कुठे होईल हे आज ठरवता आले नाही तरी चालेल. ती व्यक्ती गेल्यावर मात्र ते कुठल्याच मार्गाने परत मिळणार नाही.

माफीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २००५ मध्ये मानवी हक्कांच्या गंभीर उल्लंघनांबाबत परिमार्जनाची तत्त्वे स्वीकारली. त्यांत पूर्वस्थिती आणणे, भरपाई, पुनर्वसन, सत्य मान्य करून सन्मान परत देणे आणि असे पुन्हा न घडण्याची हमी, असे पाच प्रकार सांगितले आहेत. आपल्या न्यायालयांवर ती बंधनकारक नाहीत, पण काय मागायचे हे ठरवायला उपयोगी पडतात. माफी ही संसदेने आणि विधिमंडळाने द्यायची गोष्ट आहे. गडचिरोलीतल्या लोकांना हे चांगले ठाऊक आहे: २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेत वनवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे संसदेने स्वतः लिहिले, आणि त्या कबुलीला दाव्याचा नमुना, ग्रामसभेचा अधिकार आणि निर्णय देणाऱ्या समित्या जोडलेल्या होत्या म्हणून मेंढा (लेखा) सारख्या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क प्रत्यक्ष मिळाला. विमुक्तांसाठी, म्हणजे १९५२ मध्ये ‘गुन्हेगार’ या शिक्क्यातून सुटलेल्या जमातींसाठी, तसा कायदा झालेला नाही. तो व्हावा ही मागणी रास्त आहे आणि ती ३१ ऑगस्टच्या विमुक्त दिनापुरती न ठेवता आमदार-खासदारांकडे सतत लावून धरली पाहिजे. रिट याचिकेत, म्हणजे मूलभूत हक्कांसाठी थेट उच्च न्यायालयात करायच्या अर्जात, मात्र माफीची मागणी घालू नका. तिच्यामुळे याचिकेतल्या ठोस मागण्या दुबळ्या होतात आणि सुनावणी भलत्याच वादावर जाते.

पाचांपैकी शेवटचा प्रकार, म्हणजे पुन्हा न घडण्याची हमी, हा आज न्यायालयाकडून प्रत्यक्ष मिळवता येतो. कायदा १९५२ मध्ये गेला, तरी त्यामागची सवय गेली नाही. मुंबई राज्याने १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. तो कागदावर जातीवर नव्हे, तर व्यक्तीला वारंवार झालेल्या शिक्षांवर आधारलेला होता. पण ठाण्याच्या पातळीवर जुन्या याद्यांतली आडनावे नव्या याद्यांत येत राहिली. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० साली सराईत गुन्हेगार कायदे रद्द करण्याची शिफारस केली आणि वंशभेद निर्मूलनावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीनेही २००७ मध्ये भारताला तेच सांगितले.

या बाबतीत तुमच्या हातातला सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे ३ ऑक्टोबर २०२४ चा सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. याचिका तुरुंगांतल्या जातीय कामवाटपाबद्दल होती, पण न्यायालयाने गुन्हेगार जमाती कायद्याचा इतिहास विस्ताराने मांडला, तुरुंग नियमावल्यांत विमुक्तांना जन्मजात गुन्हेगार समजणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितले. विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानी अटक होऊ नये म्हणून पोलिसांनी अटकेबद्दलच्या अर्नेश कुमार (२०१४) आणि हिस्ट्रीशीटबद्दलच्या, म्हणजे ठाण्यातल्या संशयितांच्या नोंदींबद्दलच्या, अमानतुल्ला खान (२०२४) या निकालांतले दंडक पाळावेत, असा स्पष्ट निर्देशही त्यात आहे. मी वर म्हटले की इतिहास पुरावा म्हणून वापरावा, त्याचे हे उत्तम उदाहरण आहे. तिथे कोणी १८७१ ची भरपाई मागितली नव्हती; आजचा नियम भेदभावाचा का आहे, हे त्या इतिहासाशिवाय कळलेच नसते.

हे बेड्यावर कसे उतरते ते सांगते. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलिसांनी सरळ अटक न करता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली आधी नोटीस द्यावी आणि अटक केलीच तर तिची गरज कागदावर लिहावी, हा अर्नेश कुमार निकालाचा गाभा आहे. साधी चोरी आणि घरातली चोरी या मर्यादेत येते, रात्रीची घरफोडी येत नाही. म्हणून एफआयआरमध्ये कोणते कलम लावले आहे हे पहिल्यांदा पाहावे. घराची झडती घेताना दृक्-श्राव्य चित्रण करणे आता कलम १०५ प्रमाणे आवश्यक आहे. झडतीला आलेल्या अधिकाऱ्याला हे नम्रपणे विचारायचे, वाद घालायचा नाही, आणि काय उत्तर मिळाले ते त्याच दिवशी लिहून ठेवायचे.

एका प्रकरणात अटक पंचनाम्यावर लिहिले होते की आरोपीला सकाळी सात वाजता बसस्थानकावर संशयास्पदरीत्या फिरताना पकडले. बेड्यावरच्या एका मुलीने मात्र पहाटेच्या अंधारात पोलिसांच्या गाडीचा मोबाइलवर फोटो काढला होता. त्यात गाडीचा नंबर अर्धाच दिसत होता, पण फोटोची वेळ दोन वाजून काही मिनिटांची होती आणि मागे त्यांच्याच झोपडीचे कुडाचे दार होते. अटकेचा मेमो, ठाण्याच्या दैनंदिनीची नोंद आणि तो फोटो मी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे शेजारी शेजारी ठेवला. पोलीस कोठडी नाकारली गेली, आणि पुढे खंडपीठात जाताना बेकायदा अटकेचा आधार म्हणून हेच तीन कागद उपयोगी पडले. अशा वेळी मोठमोठी तत्त्वे मागे राहतात. वेळ, ठिकाण आणि सही ज्याच्याकडे आहे त्याचे ऐकले जाते.

भरपाईही याच वाटेने मिळते. कोठडीत जीव गेला किंवा स्वातंत्र्य बेकायदा हिरावले गेले तर राज्याला घटनेच्या कलम ३२ किंवा २२६ खाली भरपाई द्यावी लागते, हे नीलबती बेहरा प्रकरणात १९९३ साली पक्के झाले. कोठडीत मुलगा गमावलेल्या त्या आईला १,५०,००० रुपये देण्याचा आदेश झाला होता. पश्चिम बंगालमधल्या खेडिया शबर या विमुक्त जमातीचे बुधन शबर १९९८ मध्ये कोठडीत मरण पावले, तेव्हा कोलकाता उच्च न्यायालयाने केंद्रीय अन्वेषण विभागाची चौकशी लावली आणि त्यांच्या पत्नीला भरपाई देण्यास सांगितले. म्हणजे तुम्हाला हवी असलेली भरपाई कायद्यात आहे. ती आजच्या भंगासाठी आहे.

इथे एक मोठा ‘अवलंबून आहे’ येतो. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत पारधी, फासेपारधी, लंगोली पारधी, टाकणकार, शिकारी, चिता पारधी अशी नावे आहेत. पाल पारधी आणि राजपारधी मात्र विमुक्त जातींच्या यादीत आहेत. तुमचे प्रमाणपत्र अनुसूचित जमातीचे असेल तर अॅट्रॉसिटी कायद्याचे कलम ३(१)(प) उपयोगी पडते. अनुसूचित जातीजमातींबाहेरच्या कोणी खोटी, द्वेषमूलक फौजदारी कारवाई तुमच्यावर केली तर तो गुन्हा आहे, आणि लोकसेवकाला खोटी माहिती देऊन तुम्हाला त्रास देणे हाही त्याच कलमातला वेगळा गुन्हा आहे. विमुक्त जातीचे प्रमाणपत्र असलेल्या तुमच्या पाहुण्यांना हे संरक्षण मिळत नाही. त्यांना घटनेच्या १४, १५ आणि २१ या कलमांवरच उभे राहावे लागते. एकाच लग्नात जेवायला बसलेल्या दोन भावकींना कायद्याचे वेगळे छत्र मिळावे, हे मला न्याय्य वाटत नाही, पण सध्या स्थिती ती आहे आणि सल्ला तिच्यावरच द्यावा लागतो.

म्हणून जात वैधतेचा विषय तुमच्या प्रश्नाच्या बाहेरचा वाटला तरी तो बाहेरचा नाही. ऐतिहासिक अन्यायाचा सर्वांत खोल परिणाम माझ्या टेबलावर याच रूपाने येतो. ज्यांना गाव धरून राहू दिले नाही त्यांच्या नावे सातबारा नाही, जुना शाळेचा दाखला नाही. आणि महाराष्ट्राच्या २००० च्या जात प्रमाणपत्र कायद्याच्या कलम ८ प्रमाणे सिद्ध करण्याचा भार अर्जदारावरच आहे. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा आणि विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा महाराष्ट्रातला रहिवास दाखवावा लागतो. कागद नाही म्हटले की जात पडताळणी समिती संस्कृतीचे प्रश्न विचारते: देव कोणता, लग्न कसे लावता, मर्तिकात काय करता. शहरात वसतिगृहात वाढलेला मुलगा तिथे अडखळतो आणि त्याचा दावा नाकारला जातो. आधी त्यांची राहणी मोडायची आणि मग ती राहणी तोंडपाठ नाही म्हणून ओळख नाकारायची, हा अन्याय मी अनेक घरांत पाहिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने आनंद यांच्या प्रकरणात २०११ मध्ये याबद्दल सावध केले होते, आणि २४ मार्च २०२३ रोजी आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवले की ही आप्तभाव चाचणी निर्णायक कसोटी नव्हे. घटनेपूर्वीच्या कागदाला सर्वाधिक वजन द्यावे.

असा कागद कुठे मिळतो? आपल्या भागात सर्वांत आधी कोतवाल बुक पाहावे. तहसीलच्या अभिलेख कक्षात गावनिहाय बांधलेले हे गठ्ठे असतात. पानावर तारीख, मयताचे किंवा जन्मलेल्या मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, वय आणि मृत्यूचे कारण असे रकाने असतात; नावापुढे ‘वल्द’ लिहून बापाचे नाव आणि जातीच्या रकान्यात कधी ‘पारधी’, कधी ‘शिकारी’, कधी ‘टाकणकार’. फिरत्या कुटुंबाच्या बाबतीत माझी पद्धत अशी आहे की आधी घरातल्या म्हाताऱ्या बायांकडून पावसाळ्यात आणि सुगीत पाल कुठे कुठे पडत असे त्या गावांची यादी करायची, आणि जन्मापेक्षा मृत्यूच्या नोंदी आधी शोधायच्या. पालावर झालेले बाळंतपण कोतवालाला कळतच नसे, पण मर्तिकाला गावाची जागा लागे म्हणून मृत्यूची वर्दी जाई. पान ठिसूळ असते, म्हणून गाव, साल आणि नाव नेमके देऊन प्रमाणित नकलेचा अर्ज करावा. जुन्या कायद्याखालच्या नोंदवहीत किंवा तुरुंगाच्या दप्तरात तुमच्या पूर्वजाचे नाव आणि जमात सापडली, तर तोही १९५० पूर्वीचा सरकारी दस्तऐवज आहे. ज्या यादीने घराण्याला गुन्हेगार म्हटले ती दाखवायला काही कुटुंबांना लाज वाटते. मी त्यांना सांगते की लाज ती यादी करणाऱ्यांची आहे. तुम्ही ती निःसंकोच दाखल करा.

जमिनीबद्दल थोडक्यात. बेडा ई-क्लास जमिनीवर, म्हणजे सरकारी गायरानावर, असेल तर अतिक्रमणाची नोटीस कधी ना कधी येते. गायरानावरची अतिक्रमणे काढण्याबाबत जगपाल सिंग प्रकरणाचा २०११ चा निकाल कडक आहे, पण सरकारी आदेशाने भूमिहीन मजुरांना आणि अनुसूचित जातीजमातींच्या लोकांना दिलेल्या जमिनींचा अपवाद त्यातच नमूद आहे. म्हणून घरकुलाची मंजुरी, वीजबिल, ग्रामपंचायतीची कर पावती आणि मतदार यादी एका फायलीत ठेवा. बेडा वनजमिनीवर असेल तर १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवून वनहक्काचा दावा वेगळा करावा.

आता संस्कृतीचा प्रश्न. घटनेच्या कलम २९ प्रमाणे स्वतःची भाषा, लिपी किंवा संस्कृती असलेल्या नागरिकांच्या कोणत्याही गटाला ती जपण्याचा हक्क आहे. भारताने १९७९ मध्ये मान्य केलेल्या दोन आंतरराष्ट्रीय करारांतही, नागरी हक्कांच्या करारातल्या कलम २७ मध्ये आणि आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या करारातल्या कलम १५ मध्ये, हा हक्क आहे. पण संस्कृतीचा हक्क एकटा उभा केला तर तो न्यायालयात फार चालत नाही. एखाद्या ठोस जागेशी, वस्तूशी किंवा कायद्याच्या तरतुदीशी जोडला तर चालतो. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या खाणीच्या प्रकरणात एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डोंगरिया कोंध आदिवासींच्या देवस्थानाचा प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला, तो वनहक्क कायदा आणि धर्मस्वातंत्र्य हे दोन्ही हाती होते म्हणून; मग बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला.

तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा. झडतीत देवीचे चांदीचे टाक ‘संशयित माल’ म्हणून जप्त होतात, तेव्हा निव्वळ संस्कृतीवर भाषण उपयोगाचे नाही; नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली सुपूर्दनाम्यावर परत मिळण्याचा अर्ज करायचा आणि त्यात घटनेच्या कलम २५ चा, म्हणजे पूजेच्या हक्काचा, आधार घ्यायचा. आधीपासून टाकांचे फोटो आणि घरच्या पूजेतले फोटो काढून ठेवले असतील तर हा अर्ज लवकर निकाली निघतो. बोलीबाबत घटनेचे कलम ३५० (अ) प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला राज्याला सांगते. पारधी बोली घेऊन पहिलीत बसणाऱ्या मुलाची गळती ही सांस्कृतिक हक्काची बाब आहे, आणि आश्रमशाळेसाठी प्रकल्प कार्यालयाकडे मागणी करताना ती तशीच मांडावी.

शिकारीबाबत उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम शिकार बंद करतो आणि वनहक्क कायदाही पारंपरिक हक्कांतून शिकार स्पष्टपणे वगळतो. तितर-बटेराचे फासे सापडले तर संस्कृतीचा बचाव टिकणार नाही. मात्र उपजीविका काढून घेतली तर पर्याय द्यावा, ही मागणी कायदेशीर आहे. आदिवासी विकास विभागाच्या पारधी विकास योजनेचा आधार तिथे घ्यावा. फासेपारध्यांचे माळरानाचे ज्ञान वाया गेले पाहिजे असेही नाही. वाशीम-अकोला भागात तणमोर पक्ष्याच्या आणि माळरानाच्या रक्षणात त्यांनी केलेले काम पाहण्यासारखे आहे.

जातपंचायतीचे उत्तर तुम्हाला आवडणार नाही. वाद आपसांत मिटवणे, लग्नाची देणीघेणी ठरवणे हे ठीक आहे. पण वाळीत टाकणे हा महाराष्ट्रात २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि बाईच्या चारित्र्याची परीक्षा घेण्याला तर कोणताच कायदा संस्कृती म्हणणार नाही. युनेस्कोच्या २००१ च्या सांस्कृतिक विविधतेच्या जाहीरनाम्याचे चौथे कलम हेच सांगते, की सांस्कृतिक विविधतेचे नाव घेऊन कोणाचे मानवी हक्क मोडता येत नाहीत. समाजाने सरकारकडे ज्या हक्कांची मागणी केली, तेच हक्क बेड्यावरच्या बाईने पंचांकडे मागितले तर मी तिच्या बाजूने उभी राहीन.

संयुक्त राष्ट्रांकडे व्यक्तिगत तक्रार करता येईल का, असे तुम्ही विचारलेले नाही, पण पुढे विचाराल म्हणून सांगते. भारताने त्यासाठीचा ऐच्छिक प्रोटोकॉल (नागरी हक्कांच्या कराराला जोडलेला वेगळा करार) स्वीकारलेला नाही, त्यामुळे ती वाट बंद आहे. भारताच्या अहवालाची समीक्षा होते तेव्हा संघटनांनी पाठवलेली माहिती मात्र समित्या वाचतात.

कामाचा क्रम मी असा ठेवीन. गेल्या वर्षभरात बेड्यावर झालेल्या प्रत्येक झडतीची आणि अटकेची तारीख, वेळ, गाडी, एफआयआर क्रमांक आणि साक्षीदार अशी एक वही आधी तयार करा, कारण आयोगाची एक वर्षाची मुदत त्या तारखांवर मोजली जाईल. कोणाचे नाव ठाण्याच्या हिस्ट्रीशीटवर असल्याचा संशय असेल आणि त्याला शिक्षा झालेली नसेल, तर ते तपासून काढून टाकावे असा लेखी अर्ज पोलीस अधीक्षकांना द्या, त्यात वरच्या दोन्ही २०२४ च्या निकालांचा उल्लेख करा आणि पोच घ्या. ठाणेदाराशी तोंडी बोलणे झाले तरी अर्ज चुकवू नका. उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर तोच कागद रिट याचिकेचा पाया होतो. कोतवाल बुकाचा शोध यासोबतच चालू द्या, तो याचिकेसाठी थांबवू नका.

वकिलाच्या फीची काळजी तुमच्या प्रश्नात दिसते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, कोणत्याही स्त्रीला आणि कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. विमुक्त जातीच्या पुरुषाला उत्पन्नाच्या मर्यादेत बसल्यास मिळतो. तालुका न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा समितीचे कार्यालय असते. अर्ज साध्या कागदावर चालतो, आणि खंडपीठातल्या याचिकेसाठी नागपूरला उच्च न्यायालयाची स्वतंत्र समिती आहे.